खालच्या मजल्यावरचं उघडं वायफाय: सांगावं की गप बसावं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. शेजाऱ्यांच्या वायफायवर धागा काढतेय, हसू नका.

आम्ही सांगलीत विश्रामबागला, शंभर फुटीपासून थोडं आत राहतो. चार मजली इमारत. तळमजल्यावर आजी-आजोबा दोघंच असतात, मुलगा पुण्याला. मुलाशी व्हिडिओ कॉल व्हावा म्हणून फायबर घेतलंय. वायफायला नाव त्यांच्या आडनावाचं आणि पुढे कुलपाचं चिन्ह नाही. म्हणजे सताड उघडं.

असं का, तेही मला माहीत आहे. मध्ये एकदा नेट बंद पडलं तेव्हा आजोबांनी राउटरमागचं ते बारीक रिसेटचं भोक पेनाच्या रिफिलनं दाबलं. सगळं पुसलं गेलं. केबलवाल्याचा माणूस आला, त्यानं नेट चालू करून दिलं आणि "पासवर्ड नंतर टाकू, तुमच्या लक्षात राहत नाही उगाच" म्हणून निघून गेला. तो नंतर आलाच नाही.

आता परिस्थिती अशी आहे. समोर अभ्यासिका आहे, तिथली स्पर्धा परीक्षेची पोरं संध्याकाळी आमच्या पार्किंगच्या कठड्यावर ओळीनं बसलेली असतात, सगळ्यांच्या माना खाली. आजोबांच्या खिडकीखालची जागा तर आधी येईल त्याची. तिसऱ्या मजल्यावरच्या मंडळींनी स्वतःचं कनेक्शनच बंद केलंय, त्यांचा टीव्हीसुद्धा आजोबांच्या जिवावर चालतो. आमच्या ह्यांचा मोबाइल जिन्यात आला की आपोआप तिकडे जोडला जातो, तो भाग वेगळा.

सांगितलं तर तिसऱ्या मजल्याशी वाकडं येणार आणि पोरांचे शिव्याशाप मिळणार. नाही सांगितलं तर आजोबांचं नेमकं नुकसान काय? प्लॅन अनलिमिटेड आहे म्हणतात. आणि कायद्यानं यात दोषी कोण, वापरणारा की उघडं ठेवणारा?

गावभागातला

ताई, एवढं कशाला मनावर घेताय? आमच्या वाड्यात पाच बिऱ्हाडं, एकच राउटर, माडीच्या कडीला टांगलाय. ज्याला जमंल त्यानं त्या महिन्याचं बिल भरायचं. पूर्वी गल्लीत एकाच्या घरी टीव्ही असायचा, रविवारी सकाळी आख्खी गल्ली आत आणि चपलांचा ढीग दारात. तवा कुणी पासवर्ड मागितला व्हता काय? आजोबांना पेन्शन हाय, पोरं अभ्यास करत्यात. चालू द्या की.

कोर्टाच्या_पायरीवर

गावभागातले, टीव्ही बघायला आलेला माणूस घरमालकाच्या नावानं पत्र टाकून जात नव्हता. वायफायवरून तेच होतं. बाहेरच्या जगाला दिसतं ते आजोबांचं कनेक्शन. कठड्यावरचं पोरगं कुणालाच दिसत नाही.

ज्यांना जुनं आठवतंय त्यांच्यासाठी: २६ जुलै २००८ला अहमदाबादमध्ये स्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तपास आला थेट नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन माणसाच्या फ्लॅटवर. त्याचा कटाशी काही संबंध नव्हता. त्याचं वायफाय उघडं होतं आणि कुणीतरी आसपास येऊन ते वापरून गेलं. पण चौकशी कुणाची झाली, संगणक कुणाचे जप्त झाले? त्याचेच. पुढे ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून असेच मेल गेले. त्यानंतर मुंबई पोलीस उघडी वायफाय शोधत फिरायला लागले आणि फेब्रुवारी २००९मध्ये दूरसंचार विभागानं इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या की ग्राहकांची वायफाय सुरक्षित करून घ्या.

आता कायदा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. कलम ४३: मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरलात तर भरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं की कलम ६६: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे दार उघडं होतं हा बचाव नाही. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी आजोबांना विचारलंय का? नसेल तर अडचणीची बाजू त्यांची आहे.

उघडं ठेवणं हा घरगुती ग्राहकाचा स्वतंत्र गुन्हा आहे असं नाही. पण दारात पोलीस आले की "ते मी नव्हे" हे सिद्ध करायची धावपळ ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्यालाच करावी लागते. सत्तरीच्या माणसाला जबाबासाठी एक चक्कर मारावी लागली तरी पुरे.

यवतेश्वर_घाट

+१. आमच्या साताऱ्यात गोडोलीला एका ओळखीच्यांकडे असंच पोलीस येऊन गेले होते. कुणीतरी त्यांच्या वायफायवरून खोटं प्रोफाइल काढून एका मुलीला त्रास देत होतं. निघालं शेजारचंच पोरगं. प्रकरण मिटलं, पण दोन घरांचं बोलणं बंद झालं ते झालंच.

मिरजेचा_वायरमन

मी याच धंद्यात आहे. फायबर ओढतो, जोड मारतो, घरात डबा, म्हणजे राउटर, बसवून देतो. म्हणून थोडं आतलं सांगतो.

पूर्ण उघडी वायफाय आता कमी दिसतात, नव्या डब्याला खाली स्टिकरवर पासवर्ड छापूनच येतो. खरी गंमत पुढं आहे. बसवणाऱ्या पोराला दिवसाला कितीतरी घरं करायची असतात. तो स्टिकरचा पासवर्ड काढतो आणि ग्राहकाचा मोबाइल नंबर टाकतो, कारण तो कुणी विसरत नाही. वायफायचं नाव आडनाव, पासवर्ड मोबाइल नंबर. आणि सोसायटीच्या बोर्डावर काय लिहिलेलं असतं? आडनाव आणि मोबाइल नंबर! याला कुलूप म्हणायचं का?

बोर्ड नसला तरी नंबर टिकत नाही. आपल्याकडचे मोबाइल नंबर दहा आकडी आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९नं. म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. मोठा आकडा वाटतो, पण कुणी तुमचा फोन वायफायला जोडला जातानाची देवाणघेवाण हवेतून टिपून घेतली, तर पुढचे अंदाज तो घरी बसून आपल्या संगणकावर तपासतो. चांगल्या गेमिंग ग्राफिक कार्डावर सेकंदाला दहा लाखांच्या आसपास अंदाज होतात. हिशेब करा, तास-सव्वा तासात सगळे नंबर तपासून संपतात.

ताई, नुकसान काय विचारलंत. प्लॅन अनलिमिटेड म्हणजे बहुतेक ३३०० जीबीपर्यंत, पुढे वेग पडतो. दोघा म्हाताऱ्यांना ते कधी संपायचं नाही, पण तिसऱ्या मजल्यावरचा टीव्ही आणि वर दहा-बारा मोबाइल जोडलेत म्हटल्यावर सांगता येत नाही. त्याआधी वेगाचा त्रास सुरू होतो. स्वस्तातला डबा २.४ गिगाहर्ट्झवर एका वेळी एकाशीच बोलतो. लांब कठड्यावरच्या, सिग्नल अर्धा मिळणाऱ्या मोबाइलला तीच माहिती द्यायला जास्त वेळ खातो, तेवढा वेळ आजोबांचा व्हिडिओ कॉल थांबून राहतो. मुलाचा चेहरा गोठला की ते केबलवाल्याला फोन करतात आणि आम्ही येऊन लाल दिवा लागलाय का बघतो. लाइन व्यवस्थित असते!

यापेक्षा वाईट म्हणजे डब्याचं सेटिंगचं पान. एकदा का माणूस वायफायच्या आत आला की १९२.१६८.१.१ टाकून ते पान उघडतो. तिथलं नाव-पासवर्ड कारखान्यातून आलेलंच असतं, ॲडमिन-ॲडमिन. आत जाऊन त्यानं डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा खरा पत्ता शोधून देणारी सोय, बदललं, तर तुम्ही बँकेचा पत्ता अचूक टाकूनही भलत्याच पानावर जाऊ शकता. ब्राझीलमध्ये दहा-पंधरा वर्षांपूर्वी लाखो मोडेमांचं असं डीएनएस बदलून लोकांना लुटलं होतं.

निवांत_माणूस

विरुद्ध बाजू मांडतो, नाहीतर धागा फार एकतर्फी होईल.

ब्रूस श्नायर, संगणक सुरक्षेतलं मोठं नाव. त्यानं २००८ मध्ये जाहीर लिहिलं होतं की मी घरचं वायफाय उघडंच ठेवतो, पाहुण्याला चहा-पाणी विचारतो तितकं ते साधं आहे. त्याचं म्हणणं, माझे संगणक मी सुरक्षित ठेवतो, नेटवर्कवर विसंबत नाही. आज तर बहुतेक सगळ्या साइटी एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे मधल्या कुणाला माहिती वाचता येत नाही. २०१० मध्ये फायरशीप नावाचा ब्राउझरला जोडायचा एक छोटा प्रोग्राम आला होता, उघड्या वायफायवर शेजारी बसून दुसऱ्याच्या फेसबुकात शिरता यायचं. ते दिवस गेले.

वकीलसाहेब, जर्मनीचंही बघा. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं ठरवलं की वायफायला नीट पासवर्ड ठेवणं मालकाची जबाबदारी आहे. त्या खटल्यातला मालक तर सुट्टीवर होता, घरी नव्हताच, आणि त्याच्या वायफायवरून दुसऱ्याच कुणीतरी गाणं बेकायदा इंटरनेटवर टाकलं होतं. परिणाम असा झाला की देशभर कॅफेवाले वायफाय द्यायलाच घाबरायला लागले. शेवटी २०१७ मध्ये त्यांना कायदा बदलून ही जबाबदारी सैल करावी लागली. भीती घालून कुलपं वाढतात, आणि गरजूंचंच नेट जातं.

कोर्टाच्या_पायरीवर

निवांतराव, श्नायर साहेबांना राउटरचं पान उघडता येतं, आजोबांना रिफिल तेवढी खुपसता येते. ज्याला धोका कळतो त्यानं दार उघडं ठेवणं वेगळं. जर्मनीचं उदाहरण मात्र मान्य. आपल्याकडेही लोकांनी वायफाय वाटूच नये असं सरकारचंसुद्धा म्हणणं नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं पीएम-वाणी योजना मंजूर केली ती त्यासाठीच. चहाच्या टपरीवाल्यालाही परवाना न काढता, नोंदणी फी न भरता सार्वजनिक वायफाय देता येतं. फक्त वापरणाऱ्याची ओळख मोबाइल नंबरवर पटवली जाते. अभ्यासिकेच्या मालकानं खरं तर हेच करायला हवं. पोरांकडून महिन्याची फी घेतो ना?

बुधगावचा_मास्तर

वकीलसाहेबांचं शेवटचं वाक्य बरोबर. पण मला २०२० आठवतं. शाळा बंद, वर्ग मोबाइलवर. माझ्या वर्गात अशी पोरं होती की घरात एक मोबाइल, तोही बापाबरोबर कामावर. संध्याकाळी मोबाइल घरी आला की रिचार्ज संपलेला. एक मुलगी शेजारच्यांच्या पायरीवर बसून गृहपाठ पाठवायची. त्या घरातल्या वहिनींनी पासवर्ड एका कागदावर लिहून तिच्या दप्तरात घातला होता आणि वर दटावलं होतं, "रात्री आठनंतर न्हाई हं, तुझी आई हाका मारती." त्या मुलीला कुणी चोर म्हणावं असं मला वाटत नाही.

मला यात फरक दिसतो तो एवढाच की वहिनींनी दिलं होतं. कोण वापरतंय, कधी वापरतंय हे त्यांना ठाऊक होतं. आजोबांनी कुणाला दिलेलं नाही, त्यांच्याकडून ते सांडतंय.

आयर्विनखालचं_पाणी

मास्तर, +१. २०१९च्या महापुराचं लिहायचं होतंच. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५. गावभाग, खणभाग, मारुती रोड सगळं पाण्यात. आम्ही तेव्हा कुपवाड रोडला नातेवाइकांकडे. तिथे लाइट येऊन-जाऊन होती, मोबाइलला रेंज असली तरी फोन लागत नव्हता. समोरच्या बंगल्यातल्या काकांची फायबर लाइन मात्र जिवंत होती, राउटर इन्व्हर्टरवर. त्यांनी पासवर्ड काढून टाकला आणि फाटकावर पुठ्ठा लावला: "वायफाय मोकळे आहे, फक्त निरोप पाठवा, व्हिडिओ बघू नका." लोक फाटकाला टेकून उभे. आई कुठल्या शाळेत हलवलीय, बोट कधी येणार, म्हशी कुठं बांधल्यात, सगळे निरोप तिथून गेले.

पाणी ओसरल्यावर काकांनी पुन्हा पासवर्ड टाकला. कुणाला राग आला नाही.

गावभागातला

ते बंगलेवाले काका मला बी आठवत्यात, आमचा निरोप तिथनंच गेला व्हता. बरं, वाड्यातल्या राउटरचा पासवर्ड आत्ता बघितला. घरमालकांचा मोबाइल नंबर हाय. वायरमन दादा, काय करू सांगा.

मिरजेचा_वायरमन

सांगतो. हे आजोबांकडेही चालेल, क्रम असाच ठेवा.

आधी सेटिंगच्या पानाचा ॲडमिन पासवर्ड बदला. लोक वायफायचा बदलतात आणि हा तसाच ठेवतात.

मग सुरक्षेचा प्रकार. डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. यादीत डब्ल्यूईपी असेल तर तिकडे बघूसुद्धा नका, ते १९९७चं कुलूप आहे आणि २००१ मध्येच फुटलंय. डब्ल्यूपीएस बंद करा, म्हणजे ते बटण दाबून जोडायचं. त्यातला आठ आकडी पिन मशीन दोन तुकड्यांत तपासतं आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो. त्यामुळे दहा कोटींऐवजी फार तर अकरा हजार प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११ मध्येच बाहेर आलंय, तरी जुन्या डब्यांत अजून चालू मिळतं.

पासवर्ड लांब ठेवा, अवघड नको. चार असंबद्ध शब्द इंग्रजी लिपीत जोडून लिहा, हळद, जिना, पोपट, असलं काहीतरी. आजींना फोनवर सांगता आला पाहिजे, नाहीतर परत रिफिल येईल.

नाव लपवणं, ठरावीक मोबाइलांचेच पत्ते (म्हणजे वायफायला दिसणारे त्यांचे ओळख क्रमांक) आत घेणं, हे उद्योग करू नका. लपवलेलं नाव पाच मिनिटांत दिसतं. आणि अँड्रॉइड १० पासून मोबाइल दर वायफायला वेगळाच बनावट पत्ता दाखवतात, त्यामुळे यादीत कोण कोण आहे हेच तुम्हाला कळणार नाही.

शेवटचं, पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क. बहुतेक डब्यांत असतं. त्याला वेगळा पासवर्ड द्या, वेगाला मर्यादा घाला. त्यावरच्या माणसाला घरातला टीव्ही, कॅमेरा किंवा सेटिंगचं पान दिसत नाही, तेवढी खूण करायची असते ती मात्र तपासा. वाड्यात पाच बिऱ्हाडं खुशाल वापरा, पण भाडेकरू सोडून गेला की पासवर्ड बदला.

ताई, तुमच्या मिस्टरांच्या मोबाइलमधून ते उघडं नेटवर्क 'विसरा' करून टाका. मोबाइल उघड्या वायफायला फक्त नावावरून ओळखतो. उद्या कुणी स्टँडवर त्याच नावाचं खोटं वायफाय चालू केलं तर तो तिकडेही मुकाट जोडला जाईल.

पेठेतली_वहिनी

वाखु (वाचनखूण) साठवली. अवांतर: आमच्याकडे पाहुणे आले की आधी "पासवर्ड काय वहिनी?" मग "कशा आहात?" मोबाइलमधून क्यूआर कोड काढून फ्रिजवर चिकटवलाय, पासवर्ड बोलायची भानगडच नको.

मिरजेचा_वायरमन

वहिनी, तो गेस्टचा असू द्या. घरच्या वायफायचा क्यूआर स्कॅन केला की पाहुण्याला त्यातून पासवर्ड वाचताही येतो.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. रविवारी आम्ही दोघं खाली जाऊन आलो.

मला वाटलं होतं आजोबांना धक्का बसेल. ते म्हणाले, "कठड्यावर पोरं बसतात ते मला काय दिसत नाही होय? मीच म्हटलं बसू देत. त्यात एक जतचा आहे, एक आटपाडीचा. रूमचं भाडं भरून नेटला पैसे उरत नाहीत." म्हणजे मास्तर, त्यांनी दिलंच होतं, फक्त सांगितलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या टीव्हीचं मात्र त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते ऐकून आजी आतून म्हणाल्या, "तरी मी म्हणते, रोज रात्री नऊला नातवाचं तोंड वेडंवाकडं का दिसतं."

२००८चं सानपाड्याचं सांगितलं तेव्हा आजोबा गंभीर झाले. ते एसटीत कंट्रोलर होते. नोंदीशिवाय गाडी हलू न देणारा माणूस! लगेच जुनी वही काढली आणि रकाने आखले: नाव, गाव, मोबाइल, कोणत्या परीक्षेचा अभ्यास. ह्यांनी वायरमन दादांच्या क्रमानं सगळं बदललं. घरचं वायफाय वेगळं, पोरांसाठी गेस्ट. ज्याला हवंय त्यानं आत येऊन वहीत नाव लिहायचं आणि पासवर्ड घ्यायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरं दारात रांगेत उभी, आणि आजोबा चष्मा लावून एकेकाला "हस्ताक्षर सुधारा, पेपर तपासणाऱ्याला वाचता आलं पाहिजे" म्हणत होते. दोघंजण नाव न लिहिताच परत गेले. त्यांचं त्यांना माहीत.

तिसऱ्या मजल्यावरून अजून कुणी काही बोललेलं नाही. काल मात्र जिन्यातून नवीन वायर वर जाताना दिसली.

गावभागातला

तिसऱ्या मजल्याला बी वहीत नाव लिवायला सांगायचं की, कोणत्या परीक्षेचा अभ्यास म्हणून!

कोर्टाच्या_पायरीवर

वही उत्तम कल्पना आहे, ती जपून ठेवायला सांगा. इंटरनेट कंपन्यांनाही अशा नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात, त्यामुळे विचारणा बऱ्याच उशिराही येऊ शकते. पण वहीत पोरांचे मोबाइल नंबर आहेत, ती टेबलावर उघडी नको. आणि आजोबांनी पैसे घ्यायला सुरुवात केली तर प्रकार बदलतो, घरगुती कनेक्शन विकायची मुभा नसते.

कृष्णाकाठची

पैसे कसले, आजी त्यांना चहा पाजतात वर.

वायरमन दादा, एक अडचण आहे. बाकी सगळं जोडलं गेलं, पण आजोबांच्या दारावरचा कॅमेरा नव्या वायफायला जोडलाच जात नाही. पासवर्ड बरोबर आहे, तपासला.

मिरजेचा_वायरमन

दोन कारणं असतात. स्वस्तातले कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि तुमच्या डब्यानं २.४ नि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं असेल. जोडणी करताना मोबाइल ५ वर असला की कॅमेरा गोंधळतो, म्हणून तेवढ्यापुरतं ५ बंद करा. नाहीतर तुम्ही नुसतं डब्ल्यूपीए३ ठेवलं असणार, जुना कॅमेरा ते ओळखत नाही, तिथं २ आणि ३चं मिश्र निवडा. आणि तो कॅमेरा घरच्या वायफायवरच घ्या, गेस्टवर टाकू नका, नाहीतर आजोबांच्या मोबाइलला घरात बसून तो दिसेलच असं नाही.